रिकाम्या हातानं

सुनीलनं माझ्या तोंडात पेढा कोंबला तेव्हा मी गाडीचं दारसुद्धा लावलेलं नव्हतं. नगरला, मनमाड रोडवरच्या आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये माझा धाकटा भाऊ मिठाईचा खोका घेऊन माझी वाट बघत उभा होता. "ताई, आप्पांचा रिपोर्ट आला. निल! रक्तात काहीच न्हाई सापडलं." त्याचे डोळे भरून आले होते. पेढा मोठा होता, बोलता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली. ती त्याला होकाराची वाटली असणार, कारण तो लगेच वॉचमनकडे वळला आणि मग दुसऱ्याच कुठल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे. माझ्या तोंडात खवा विरघळत होता. रिपोर्टवर लिहिलेलं असतं, वाढ नाही. म्हणजे रक्त बाटलीत घालून उबेत ठेवलं, तर त्यात कुठल्याही जंतूची वाढ झाली नाही. ऐकायला किती गोड. पण ते रक्त काढलं तेव्हा आप्पांच्या शिरेत अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन जाऊन बसलेलं होतं, आणि गावच्या डॉक्टरच्या सुया त्याच्याही आधी. चोर पकडायला निघताना आधी गल्लीभर ढोल बडवायचा आणि मग कोणी सापडलं नाही म्हणून पेढे वाटायचे, त्यातला हा प्रकार. आप्पांचा ताप उतरलेला नव्हता. चोर घरातच होता. तो कोण, हे तेवढं आता आम्हाला कळणार नव्हतं. मी पेढा गिळला. चांगला होता, आणि मला भूक लागली होती, हेही खरं.

मी या हॉस्पिटलात फिजिशियन आहे. इथे मला मॅडम म्हणतात, पुणतांब्यात अजून कारभाऱ्याची निकी. माझे वडील आप्पा, म्हणजे ते कारभारी, पेरूची बाग राखून आहेत. शुगर बऱ्याच वर्षांची, लघवीची तक्रार कुणाला न सांगता अंगावर काढलेली, आणि लेक डॉक्टर असल्याचा अभिमान एवढा की तिला म्हणून काही सांगायचं नाही, तिला कामं असतात. थंडी वाजून ताप आला तेव्हाही त्यांनी गावातच सुया टोचून घेतल्या. चालता येईना तेव्हा सुनीलनं त्यांना गाडीत घातलं आणि राहुरीच्या पुढे आल्यावर मला फोन केला. मी ओपीडीत होते, समोर एक बाई जीभ बाहेर काढून बसलेली होती. मी कॅज्युअल्टीला सांगितलं, "माझे वडील येतायत, सुरू करा, मी आलेच." सुरू करा म्हणजे काय, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. स्ट्रेचर आत आलं की नातेवाइकांचे डोळे पेशंटच्या तोंडाकडे नसतात, हाताकडे असतात. हाताला सुई लागली, वर बाटली टांगली गेली, की ट्रीटमेंट चालू. तोवर कोणी हात लावला नाही, अशी तक्रार. रक्ताचा नमुना आधी घ्यावा, औषध नंतर द्यावं, हे आम्ही सगळे जण जाणतो, मीटिंगमध्ये एकमेकांना सांगतो, भिंतीवर त्याचा तक्तासुद्धा आहे. पण नमुन्याच्या बाटल्या तळघरातल्या लॅबमधून मागवाव्या लागतात आणि इंजेक्शन हाताशी असतं. आप्पांच्या वेळी तर मॅडमचे वडील; पोरांनी जास्तच घाई केली. मी खाली पोचले तेव्हा आप्पा हाताची पट्टी मला दाखवत म्हणाले, "बघ, तुझ्या मान्सांनी लगेच चालू केलं. लई तत्पर हायेत." मला बरं वाटलं होतं. आपल्या माणसाचं आपल्या ठिकाणी लगेच होतं, याचं सुख मीही तेव्हा उपभोगलं.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आईनं आम्हाला फार लवकर शिकवलं. गावात कोणी आजारी पडलं की ती आधी दुकानातून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणायला पाठवायची, आणि पुडा नसला तर घरची दोन केळी, तीही नसली तर मूठभर शेंगदाणे. आजारी माणसाच्या उशाशी पुड्यांची चळत लागे. ज्याला पाणी पचत नाही त्याच्या उशाशी बिस्किटं. पण देणाऱ्याचा जीव हलका होतो. हे मला आप्पांच्या स्पेशल रूममध्ये आठवलं, कारण तिथे तेच चाललेलं होतं. पहिल्यांदा गुंजाळ सर आले. सर आमच्याकडचे सगळ्यात ज्येष्ठ, मला इथे आणलं त्यांनीच, नाडीवर बोट कसं ठेवायचं हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात फिरवला, "कारभारी, पेरू कधी खायला घालता?" असं विचारलं, आणि जाताना सिस्टरला म्हणाले, "माझं नेहमीचं चालू कर." सिस्टरला नाव विचारावं लागलं नाही. सरांचं नेहमीचं म्हणजे मेरोपेनेम, एकेकाळी आम्ही कुलपात ठेवायचो ते भारी अँटिबायोटिक. मग लघवीच्या विकारांचे डॉक्टर आले, त्यांनी त्यांच्या सवयीचं एक वाढवलं. छातीच्या डॉक्टरांना उजव्या बाजूला काहीतरी ऐकू आलं, जे मला ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एक वाढवलं. हाडांचे डॉक्टर तर नुसते मला भेटायला आले होते. आप्पांचा गुडघा गेली पंधरा-वीस वर्षं सुजलेलाच आहे, पण त्यांची नजर त्यावर गेली आणि तेही म्हणाले, "एका अँटिबायोटिकचं कव्हर देऊन ठेवू, मॅडम. तुमचे वडील म्हणजे आमचे वडील." प्रत्येकाला मी चहा दिला, प्रत्येकाचे आभार मानले. एकानंही लबाडी केली नव्हती. सगळ्यांनी जीव लावला होता. आणि ज्या पेशंटला असं कोणी नाही, जनरल वॉर्डातल्या एखाद्या आसारामला, त्याला एकच औषध चालू होतं आणि त्याचा ताप उतरून तो खिडकीत बसून दाढी करत होता, हे मी राउंडला जाताना बघितलं आणि मला त्याचा राग आला. बिचाऱ्यानं काय केलं होतं?

ताप मात्र दुपार कलली की यायचा. आधी आप्पांच्या पायांची बोटं गार पडत, मग दात वाजत, मग ते डोळे मिटून म्हणत, "आला बघ." एखादा रोजचा पाहुणा येऊन दारात चपला काढतो आहे अशा आवाजात. मी खुर्चीत बसून त्या खोलीकडे बघत राही. इतकी वर्षं मी अशा खोल्यांतून आत-बाहेर केली, पण बसले कधीच नव्हते. बसल्यावर खोली वेगळी दिसते. पडद्याच्या कडेला एक तपकिरी डाग होता. दाराच्या मुठीला दिवसभरात किती जण हात लावतात ते मला दिसू लागलं: मावशी, सिस्टर, एक्स-रेवाला, सुनील, मी. आप्पांच्या आधी या पलंगावर कोण होतं, ते मी आठवायचं नाही असं ठरवलं आणि मग आठवलंच. श्रीगोंद्याकडची बाळंतीण, टाक्यांत पू झालेला. तिच्या रिपोर्टात जंतूचं नाव सापडलं होतं, आणि त्याखाली औषधांची नावं, आणि जवळजवळ प्रत्येकासमोर एकच शेरा, की याला हा जंतू दाद देत नाही. तिचं माहेर श्रीगोंद्याचं होतं की सासर, तिचं बाळ आता कुणाकडे आहे, मला काहीच ठाऊक नाही. तो शेरा लक्षात आहे. तो जंतू तिच्याबरोबर गेला असेल असं मी तेव्हा धरून चालले होते. आता वाटू लागलं, तो कुठे जाईल? त्याला इथे काय कमी आहे? आम्ही रोज त्याला थोडं थोडं औषध पाजतो, तो ते पचवतो, धष्टपुष्ट होतो. मला माझ्या हातांचा वास यायला लागला, त्या हात धुण्याच्या निळ्या पाण्याचा, आणि आप्पांच्या कपाळावर हात ठेवायला मी कचरू लागले. ते मात्र माझा हात ओढून स्वतःच कपाळावर ठेवून घ्यायचे.

औषधांच्या भारानं किडनीचा आकडा चढू लागला तेव्हा मी तळघरात गेले. लॅब बघते ती डॉ. फलक, भिंगारची, माझ्याच वयाची, दिवसभर उबेतल्या पेट्यांजवळ बसून असते आणि वरच्या मजल्यांवरच्या डॉक्टरांविषयी तिचं मत फारसं चांगलं नाही. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "पेढा मिळाला मला. तुझा भाऊ खाली येऊन देऊन गेला. मी घेतला, त्याला काय सांगणार?" मी विचारलं, पुन्हा नमुना घेतला तर? "घे की. पण चार औषधं अंगात असताना मला त्या बाटलीत तुमचीच औषधं मिळणार, जंतू लपून बसणार. हे काय तुला मी सांगू? सगळं थांबव, अंगातून उतरू दे, मग घे. तोवर तुझ्या वडिलांनी तग धरला तर." तिनं ते 'धरला तर' हळू आवाजात म्हटलं, पण म्हटलं. मला तिची चीड आली आणि तिच्याजवळच बसून राहावंसंही वाटलं. तळघरात उकडत होतं. पेट्यांमध्ये गावोगावची रक्तं, लघव्या, पू, सगळं उबेत ठेवलेलं, आणि त्यात काहीतरी आपापल्या वेगानं वाढत होतं किंवा वाढत नव्हतं. मला लहानपणी आप्पा अंड्यांवर कोंबडी बसवायचे ते आठवलं. टोपलीजवळ आम्हाला जाऊ देत नसत. "बगू नगा सारकं, त्याला येळ लागतो," म्हणायचे. आता मला तोच वेळ हवा होता आणि तो आप्पांच्याच अंगातून काढून घ्यायचा होता.

गुंजाळ सरांना सांगणं भाग होतं. ते त्यांच्या खोलीत डबा खात होते. मी सांगितलं, सर, सगळी अँटिबायोटिक्स थांबवते, दोनेक दिवसांनी पुन्हा नमुना, मग सापडेल त्यावर नेमकं औषध. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. "वाचायला बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक सांगतो निकिता, मी केस पिकवलेत या जिल्ह्यात. औषध चालू असताना माणूस गेला, तर देवानं नेला. औषध बंद केल्यावर गेला, तर डॉक्टरनं मारला. हे लोक असंच धरतात, आणि रात्री झोपताना आपणही असंच धरतो. म्हणून मी बंद करत नाही. वाढवतो." मी म्हटलं, सर, त्यांची किडनी चाललीय. "तेही खरंय," सर म्हणाले आणि हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. "माझं खोडलंस तर मला राग नाही येणार. बाकीच्यांना मी सांगतो. पण सही तुझी. मुलगी म्हणून करणार असशील तर करू नकोस." मी कोण म्हणून सही केली, ते मला अजून सांगता येत नाही. एकेका औषधावर रेघ मारताना मला त्या त्या माणसाचा चेहरा दिसत होता, चहाचा कप हातात धरलेला. जणू कुणी प्रेमानं आणलेलं मी त्याच्या देखत उकिरड्यावर टाकत होते. सिस्टरनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, सगळंच?" मी म्हटलं, सगळंच. तिनं येऊन हलक्या हातानं आप्पांची बाटली काढली, नळी गुंडाळली आणि स्टँड कोपऱ्यात नेऊन ठेवला. आप्पा त्या स्टँडकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, आता जरा विश्रांती औषधांना. नंतर रक्त तपासू, मग नवं देऊ." ते म्हणाले, "बरं." एवढंच. आप्पा बरं म्हणतात तेव्हा त्यांना समजलेलं असतं अशी माझी समजूत, ती अगदी लहानपणापासूनची.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड उरकून मी खोलीत गेले तर तुपाचा वास. आई, म्हणजे आमची रतनबाई, पलंगावर बसून आप्पांना शिरा भरवत होती. बेदाणे घातलेला, भरपूर साखरेचा. जिनं इतकी वर्षं आप्पांपासून गुळाचा डबा लपवला, सणाच्या दिवशी पुरणपोळीतला अर्धा तुकडा मोजून वाढला, आणि चुलतभावाच्या लग्नात त्यांच्या ताटातली जिलबी सगळ्यांसमोर उचलून घेतली, ती चमचा भरभरून शिरा देत होती आणि आप्पा लहान मुलासारखा आ करून घेत होते. मी ओरडलेच. "आई, त्यांची शुगर!" आई माझ्याकडे वळली नाही. "खाऊ दे ग बाई," ती म्हणाली. "आता काय शुगर अन् काय." तिचा आवाज इतका शांत होता की मला काही क्षण कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी तिला बाहेर नेलं. व्हरांड्यात आधीच माणसं होती. पुणतांब्याहून टेम्पो भरून आले होते: चुलत्या, भाऊबंद, राहीबाई आत्या पदर तोंडाला लावून, आणि आप्पांचे जोडीदार भिमाजी काका, हातात घोंगडी नि टोपी. मला बघून सगळी उठून उभी राहिली. एरवी मी आले की बोलायला लागतात, कुणाचा गुडघा, कुणाची बीपीची गोळी. आज कोणी काही विचारेना. भिमाजी काका तेवढे पुढे झाले. "पोरी, तू तरी काय करशील. डॉक्टर झाली म्हनून काय देव झाली व्हय? तू हात टेकले म्हंजे टेकले. आमी नुसतं तोंड बघून जातो."

मी सांगायचा प्रयत्न केला. हात टेकलेले नाहीत, काका. औषध थांबवलंय ते नेमकं औषध शोधायला. ते मान डोलवत होते, मन मोडू नये म्हणून डोलवतात तशी. सुनीलनं मला बाजूला ओढलं. त्याच्या डोळ्यांत आता पेढ्याच्या दिवशीचं काही उरलं नव्हतं. "ताई, तू खरं सांग मला. रिपोर्ट निल आला म्हनाले. निल आला तर मग बंद का केलं? बरे झाले असते तर घरी सोडलं असतं. बरंबी न्हाई अन् औशदबी न्हाई, म्हंजे काय? मी काय खुळा हाय?" "निल म्हणजे सापडलं नाही, सुनील. नाही असं नाही." "मंग सापडलं न्हाई तर मोठं औशद दे ना! सर म्हनले हुते ना मोठं हाय म्हनून! काय खर्चाचं हाय का? बाग इकतो." मी त्याला गप्प बस म्हणाले, फार जोरात म्हणाले, व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं, कारण तो जे विचारत होता तेच मी रात्रभर छताला विचारलेलं होतं. मोठं औषध दे ना. सुई दे ना. काहीतरी दे. शास्त्र माझ्या बाजूनं होतं, पण शास्त्राचा बाप खोलीत शिरा खात नव्हता. हे मी कुणाला सांगू? आणि मला जे ठाऊक होतं ते यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, की औषध नसलेल्या या मोकळ्या वेळात ते जे काही आप्पांच्या अंगात दडलेलं आहे, तेसुद्धा मोकळं झालेलं आहे. मी त्याला वाढू देत होते. वाढलं तरच दिसणार होतं. आपल्या बापाच्या रक्तात काहीतरी वाढावं म्हणून मुलगी वाट बघत बसली आहे, असं वाक्य मनात आलं आणि मग ते काही केल्या जाईना.

आप्पा मात्र त्या दोन दिवसांत मजेत होते, निदान मला तसं वाटलं. किडनीचा आकडा एवढासा खाली आला होता आणि मी त्याला धरून बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाशी ते बोलत. भिमाजी काकांशी तर एकदा दोघं मिळून हसलेसुद्धा, गोदावरीच्या वाळूत कधीतरी बैल रुतला होता त्याची गोष्ट, ती मी शंभरदा ऐकलेली. सुनीलला त्यांनी सांगितलं, कडेच्या ओळीतली झाडं औंदा जास्त छाटू नको, विहिरीवरच्या मोटारीला पत्र्याचं झाकण कर. आईला म्हणाले, "रतने, तू नगरला ऱ्हा निकीकडं महिनाभर, तुजा डोळा दाखवून घे." मला वाटलं, माणूस पुढच्या कामांचं बोलतोय, म्हणजे तरतरी आली. डॉक्टर म्हणून मी असं बोलणं कितीदा ऐकलं आहे, आणि ते कसलं बोलणं असतं हे मला दुसऱ्या कुठल्याही खोलीत लगेच कळलं असतं. संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. "तुला आठवतं का ग," म्हणाले, "तू शाळंत असताना एकदा तुला लई ताप हुता. मी तुला सायकलवर श्रीरामपूरला नेली. डॉक्टरनं सुईच दिली न्हाई. म्हनला, दोन दिस बघू. मी त्याला लई शिव्या दिल्या मनात. येताना तू डब्बल सीटवर झोपली अन् मी एका हातानं तुला धरून सायकल चालवली." मी विचारलं, "मग?" "मंग काय. उतरला की ताप." ते हसले आणि खिडकीकडे बघत बसले. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर कदाचित मला काही कळलं असतं. मी फक्त एवढंच मनात नोंदवलं की त्यांच्या ओठांना निळसर छटा आहे आणि पायांची बोटं गार आहेत.

नमुना घ्यायच्या दिवशी फलक स्वतः वर आली. तिनंच आप्पांचा दंड नीट पुसला, दोन्ही हातांतून रक्त घेतलं, बाटल्या उरापाशी धरून खाली गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हाती लागलं काही की मी फोन करते. उद्या, परवा. धीर धर." ती जिना उतरली असेल-नसेल तोच आप्पांनी "आला बघ" म्हटलं. दात वाजले नाहीत या वेळी. ते नुसते पांढरे पडत गेले. मी नाडी धरली, ती बोटाखालून निसटत होती. सिस्टरनं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, मला आकडा सांगितला आणि कोपऱ्यातला स्टँड न सांगता ओढून आणला. कोणीतरी गुंजाळ सरांना बोलावलं. ते धापा टाकत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मागे दारात छातीचे डॉक्टर, त्यांच्या मागे लघवीचे. त्यांच्या तोंडावर 'बघा, सांगितलं होतं' असं काही नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं. सर हळूच म्हणाले, "सांग. काय देऊ या?" रिपोर्ट उद्या, परवा. द्यायचं होतं आत्ता. चारातलं एक, की चारही, की आता कुलपात ठेवतो ते शेवटचं, ज्यानं जंतू मरतो आणि किडनीही. माझ्या डोळ्यांपुढे ती श्रीगोंद्याची बाळंतीण आली आणि तिच्या रिपोर्टातली एक ओळ, जिच्यापुढे त्या जंतूनं थोडीशी दाद दिली होती. याच पलंगावरची ती. तोच असेल तर. नसेल तर. मी एक नाव लिहिलं, एकच, आणि खाली सही केली. सरांनी ते वाचून कागद सिस्टरकडे दिला. ज्यांना वाढवायचं होतं ते दारातच थांबले.

सिस्टरनं बाटली टांगली. आप्पांची नजर तिच्या हाताबरोबर वर गेली, बाटलीपर्यंत, मग नळीतून खाली येत स्वतःच्या हातापर्यंत, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की आई, सुनील, दारातले भिमाजी काका, सगळेच पुढे सरकले. त्यांनी मला खुणेनं वाकायला सांगितलं. तोंडाला तापाचा आणि शिऱ्याचा वास येत होता. "निके," ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं, संपलं. तू बंद केलं म्हंजे संपलंच. म्हनलं, पोरीला इचारून जीवाला घोर कशाला लावायचा." ते थोडं थांबले, दम घेतला. "मंग हे लिवायचं ऱ्हायलं व्हतं का?"

दोन दिवस हा माणूस मरायच्या तयारीनं पडून होता, आणि त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं की का. मी त्यांना सांगू शकले असते. नमुना, बाटली, उबेतली पेटी, वाढ. सगळं साध्या मराठीत येतं मला, मी विद्यार्थ्यांना शिकवते. सर माझ्याकडे बघत होते.

"हो आप्पा," मी म्हणाले. "राहिलं होतं."

"व्हतं असं," आप्पा म्हणाले. "एवढ्या कामात व्हतं असं. आता लिवलं ना? मंग झालं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि डोळे मिटले. बाटलीतून औषध उतरत होतं. आई कपाळाला हात लावून कुणाचे तरी आभार मानत होती आणि सुनील फोनवर गावाकडे सांगत होता, चालू केलं, पुन्हा चालू केलं. हेच औषध का लिहिलं, असं आप्पांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.